इंधनदाब तपासणी

इंधनदाब तपासणी ही पेट्रोल मोटारगाडीच्या इंधनप्रणालीतील दोष शोधण्याची एक पद्धत आहे. पंपाकडून इंजेक्टरपर्यंत येणाऱ्या पेट्रोलचा दाब योग्य मर्यादेत आहे की नाही, हे तीत दाबमापीने पाहिले जाते. जुन्या गाडीचे मायलेज (बोलीभाषेत 'ॲव्हरेज') घटल्यास ही तपासणी उपयोगी पडते. मात्र टायरमधील कमी हवा किंवा घासत राहणारे ब्रेक ही साधी कारणे आधी पाहणे श्रेयस्कर ठरते.

तत्त्व

कार्बोरेटरच्या गाड्यांत हा दाब साधारण 0.2 ते 0.4 बार, तर बहुसंख्य जुन्या एमपीएफआय गाड्यांत 2.5 ते 3.5 बार असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेतूनच घ्यावा लागतो.

इंजेक्टर किती काळ उघडा ठेवायचा, हे इंजिनाचा संगणक ठरवतो आणि ते ठरवताना दाब नेहमीइतकाच आहे असे गृहीत धरतो. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे दाबातील फरक 3 बारवरून 4 बार झाल्यास तेवढ्याच वेळात सुमारे 15 टक्के जास्त पेट्रोल जाते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे संगणक ही वाढ काही मर्यादेपर्यंत भरून काढतो. म्हणून किरकोळ बिघाड बराच काळ लक्षात येत नाही.

मायलेज घटले म्हणजे पंप अशक्त झाला, हा समज प्रचलित असला तरी बहुधा चुकीचा असतो. अशक्त पंपामुळे दाब कमी होतो आणि गाडी प्रामुख्याने चढावर किंवा वेग घेताना अडखळते. पेट्रोल वाया जाण्यामागे वाढलेला दाब किंवा गळती असण्याची शक्यता अधिक असते.

कृती

नळीत दाबाखाली असलेले पेट्रोल गरम इंजिनावर उडाल्यास आग लागू शकते. त्यामुळे इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत आणि अग्निशामक जवळ ठेवून काम केले जाते. प्रथम पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. नंतर बॅटरीची ऋण तार सोडवून, सांध्यावर फडके धरून दाबमापी जोडतात. फ्यूज व तार पुन्हा जोडल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी सांधे गळत नाहीत याची खात्री केली जाते.

निदान

रेग्युलेटर इंधनरेलवर असलेल्या गाड्यांत त्याची व्हॅक्यूम नळी महत्त्वाची असते. इंजिन मंद चालत असताना ती काढल्यास दाब सुमारे अर्धा बार वाढला पाहिजे. नळीत ओले पेट्रोल आढळल्यास रेग्युलेटरचा पडदा फाटलेला असतो. मायलेज घसरण्याचे आणि काळ्या धुराचे हे एक ठळक कारण होय. नळी जोडलेली असूनही दाब सतत जास्त राहिल्यास परतीची नळी तुंबलेली आहे का, हे पाहतात. इंजिन बंद करताच दाब झपाट्याने उतरल्यास इंजेक्टरची गळती, रेग्युलेटरमधील दोष किंवा पंपाची सदोष झडप यांचा संशय घेतला जातो.

रेग्युलेटर टाकीत असलेल्या गाड्यांना व्हॅक्यूम नळीची चाचणी लागू पडत नाही. थेट इंजेक्शनच्या नव्या इंजिनांत उच्चदाब पंपापुढील दाब 50 बारपेक्षाही जास्त असतो. तेथे हा साधा दाबमापी जोडणे धोक्याचे आहे.