'जातिवंत' कुत्रा कोणता?

'जातिवंत' हे विशेषण आपण घोड्याला लावतो, तसेच कलावंतालाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ गेल्या दीडशे वर्षांत पालटला, असे आम्हांस वाटते.

दख्खनच्या माळावरचा कारवानी कुत्रा शिकारीतून घडला. जो ससा गाठी, त्याचीच पिल्ले लोक मागून नेत. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली आणि 'मुधोळ' हे नाव रूढ झाले. तिकडे इंग्लंडात १८७३ साली केनेल क्लब निघाला, १८७४ साली पहिली वंशनोंदवही छापली गेली. पुढे गुणापेक्षा वंशावळीला महत्त्व आले.

सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के असते, सावत्र भावंडांच्या पिल्लांत १२.५ टक्के. प्रमाण वाढले की दडलेले आनुवंशिक दोष उघडे पडतात. म्हणूनच ब्रिटनच्या केनेल क्लबने २००९ साली मायलेक, बापलेक व सख्खी भावंडे यांच्या पिल्लांची नोंदणी थांबवली. सगोत्र विवाह टाळणाऱ्या आपल्या समाजातही कुत्र्याची 'शुद्धता' घरातल्या घरात जपणारे आहेत, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

वंशावळ टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. ती निराळ्या हेतूने वाचावी. दोन्ही बाजूंच्या तीन-चार पिढ्यांत एकच पूर्वज पुन्हा येतो का, एकाची उणीव दुसऱ्यात नाही ना, हे पाहून जोडी ठरवावी. मुधोळ २००५ साली टपाल तिकिटावर आला. मागणी वाढली म्हणून साऱ्या माद्या एकाच नामांकित नराकडे गेल्या, तर पुढच्या पिढीला दूरचा जोडीदार मिळणार नाही.