गेमिंग हेडसेटचं टेलिफोनी कूळ

1869 साली कोपनहेगनमध्ये ग्रेट नॉर्दर्न टेलिग्राफ नावाची कंपनी निघाली. समुद्राच्या तळाशी तारा टाकायचा तिचा धंदा. दोनच वर्षांत तिने व्लादिवोस्तोक, नागासाकी आणि शांघाय ही तीन बंदरं एकमेकांना जोडली. ती कंपनी अजून चालू आहे. आता तिचं नाव जीएन, कॉल सेंटरवाल्यांच्या ओळखीचा जॅब्रा हा तिचाच ब्रँड, आणि 2021 साली तिने आठ अब्ज डॅनिश क्रोनर मोजून विकत घ्यायला घेतली ती स्टीलसिरीज. म्हणजे गेम खेळणाऱ्या पोरांचे हेडसेट बनवणारी कंपनी!

भाच्यासाठी हजार-दीड हजारात बसेल असा गेमिंग हेडसेट शोधताना ही गोष्ट माझ्या वाचनात आली आणि मग मला दुसरं काही सुचेना. टेलिग्राफची कंपनी गेमिंगच्या दुकानात काय करते आहे? थोडं उकरल्यावर दुसरी जोडी सापडली. एचपीने 2021 मध्ये गेमिंग हेडसेटवाली हायपरएक्स घेतली आणि पुढच्याच वर्षी पॉली घेतली. पॉली म्हणजे पूर्वाश्रमीची प्लँट्रॉनिक्स, टेलिफोन ऑपरेटर आणि वैमानिक यांच्यासाठी हेडसेट बनवणारी 1961 ची कंपनी. चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँगचं बोलणं पृथ्वीवर आलं तेही तिच्याच हेडसेटमधून. या प्लँट्रॉनिक्सने स्वतःही रिग नावाचे गेमिंग हेडसेट काढले आणि 2020 मध्ये तो ब्रँड नेकॉन या फ्रेंच कंपनीला विकला. तिसरं घर एपॉस. सेनहायझर आणि श्रवणयंत्रं बनवणारी डेमंट यांची भागीदारी 2020 मध्ये सुटली, तेव्हा ऑफिसचे आणि गेमिंगचे हेडसेट एकत्रच या नव्या नावाखाली गेले. एका घरात दिसलं असतं तर योगायोग म्हटला असता. तीन घरांत दिसल्यावर मी म्हणतो की गेमिंग हेडसेट हे संगीताच्या हेडफोनचं अपत्य नव्हेच. ते टेलिफोन एक्स्चेंजचं अपत्य आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. मोठ्या कंपन्या काहीही विकत घेतात; मालकी म्हणजे वंशावळ नव्हे. मान्य. म्हणून मालकी बाजूला ठेवतो आणि वस्तूच्या अंगावरच्या खुणा बघतो.

कानाला लावायचं आणि तोंडापुढे धरायचं असं जोडयंत्र प्रथम गरजेचं झालं ते एक्स्चेंजमध्ये, कारण ऑपरेटरला दोन्ही हात मोकळे हवे होते. 1881 च्या सुमारास एझ्रा गिलिलंड या अमेरिकनाने खांद्यावर टेकवायचं काही किलो वजनाचं जोखड बनवलं. पुढच्याच वर्षी, 1882 मध्ये, ओरिएंटल टेलिफोन कंपनीने मुंबईत एक्स्चेंज उघडलं. फ्रान्सच्या मर्कादिएचे कानात बसणारे हलके रिसीव्हर, अमेरिकन नौदलाला हेडफोन पुरवणारा युटाचा नॅथॅनियल बाल्डविन, हे पुढचे टप्पे. मला थांबायचं आहे ते पिनीपाशी.

कुठल्याही स्वस्त हेडसेटच्या वायरीचं टोक बघा. सोनेरी वा चंदेरी दांडी, पुढे गोल बोंडी, अंगावर काळ्या रेघा. दुकानदार तिला पिन म्हणतात. तिची जाडी 3.5 मिलिमीटर, 1950 च्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओच्या इअरफोनसाठी मोठी पिन बारीक केली, तेव्हाची ही जाडी. ती मोठी पिन म्हणजे पाव इंचाची, 6.35 मिलिमीटरची, टेलिफोनच्या स्विचबोर्डावरची. एका ग्राहकाची लाइन दुसऱ्याला जोडायची तर ऑपरेटर दोरीच्या टोकाची पिन भोकात खुपसत असे. पिनीच्या बोंडीवर लाइनची एक तार, कड्यावर दुसरी. लँडलाइनच्या दोन तारांना टेलिफोनचे लाइनमन आजही टिप आणि रिंग म्हणतात ते यामुळे. स्टिरिओ आला तेव्हा नवी पिन कोणी घडवली नाही. बोंडीवर डावा कान बसवला आणि कड्यावर उजवा. फोनच्या लाइनची दुसरी तार आज भाच्याच्या उजव्या कानात बंदुकीचा आवाज पोचवते!

ज्या भोकात ही पिन जाते त्याला जॅक का म्हणतात यावर वाद आहे, आणि या वादात मी एका बाजूचा आहे. एक मत असं की इंग्रजीत कुठल्याही कामाच्या अवजाराला जॅक म्हणायची जुनीच रीत होती. गाडी उचलायचा जॅक, भट्टीवरची सळई फिरवायचा जॅक, बूट काढायचा जॅक. तसाच हाही एक. दुसरं मत शिकागोच्या चार्ल्स स्क्रिब्नरचं नाव घेतं. वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये त्याने 1870 च्या दशकाच्या अखेरीस स्विचबोर्डासाठी जो जोड बनवला, त्याचा आकार मिटणाऱ्या चाकूसारखा होता आणि त्याचं नावच जॅकनाइफ स्विच पडलं. पुढे चाकू गळला, जॅक उरला. पहिल्या मताने शब्दाची रीत कळते, पण नेमका हाच जोड, नेमका याच काळात जॅक का झाला हे कळत नाही. स्क्रिब्नरच्या बाजूने माणूस आहे, गाव आहे आणि खटक्याने बसणारं चाकूचं पातं आहे. मला तेच पटतं.

आता प्रतिस्पर्धी. वैमानिकांचा दावा मोठा आहे: कानावर जाड वाट्या, डाव्या गालावरून पुढे येणारा माइकचा दांडा, हे सगळं रूप विमानातलं. अमेरिकेच्या डेव्हिड क्लार्क कंपनीचा 1975 चा हिरवा हेडसेट आठवला तर दावा खोडणं कठीण वाटतं. पण त्याच वैमानिकाच्या वायरीची टोकं बघा. छोट्या विमानांच्या हेडसेटला दोन पिना असतात, एक ऐकण्याची, एक बोलण्याची. ऐकण्याची पिन पाव इंचाची, एक्स्चेंजचीच. बोलण्याची तिच्याहून जराशी बारीक, तीही टेलिफोनी घडणीची. विमानाने रूप दिलं, कूळ टेलिफोनचंच.

संगीतवाल्यांचा मुख्य साक्षीदार मिल्वॉकीचा जॉन कॉस. 1958 मध्ये त्याने स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला आणि माणसाला एकट्याने संगीत ऐकायची गोडी लावली. पुढे 1979 चा वॉकमन. हे खरं, आणि एक गोष्ट संगीताकडूनच आली हे मी मानतो: डावं-उजवं. बाजूला पाऊल वाजलं की मान वळते, कारण एका कानाला तो आवाज दुसऱ्यापेक्षा मिलिसेकंदाच्या काही दशांशांनी आधी पोचतो. गेममधलं हे भान दोन कानांशिवाय येत नाही. पण 2002 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन खेळाची सेवा सुरू झाली तेव्हा खोक्यात मिळालेला हेडसेट आठवा. एका कानाचा होता! गेमचा आवाज टीव्हीतून यायचा, हेडसेट फक्त सोबत्यांशी बोलायला. ऑपरेटरचा हेडसेट जसाच्या तसा. दुसरा कान नंतर जोडला गेला.

आणि माइक? स्वस्त हेडसेटच्या दांड्याच्या टोकाला तुरीच्या डाळीएवढा जो माइक असतो तो इलेक्ट्रेट. 1962 साली जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी तो शोधला बेल लॅब्जमध्ये, म्हणजे पुन्हा टेलिफोन कंपनीच्याच घरात.

मीरा-भाईंदरमध्ये हे कूळ मला जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. आपलं शहर ठाणे जिल्ह्यात, पण फोनचा कोड मुंबईचा, 022. खाडी ओलांडून वसईला गेलं की 0250. टेलिफोनच्या नकाशावर मुंबई भाईंदरच्या खाडीपाशी संपते. 2000 नंतर मालाड-गोरेगावला कॉल सेंटरं उभी राहिली तेव्हा रात्री सुमो आणि क्वालिस गाड्या मीरारोडच्या शांतीनगर-पूनमसागरच्या गल्ल्यांतून मुलंमुली उचलायच्या. या शहरातल्या हजारो घरांत तोंडापुढे माइक असलेलं पहिलं यंत्र आलं ते पगाराच्या कामासाठी, खेळासाठी नव्हे. 2016 चा सप्टेंबर-ऑक्टोबर तर विलक्षणच. 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि इंटरनेट फुकटात हातात आलं. पुढच्याच महिन्यात ठाणे पोलिसांनी मीरारोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्याच्या नावाने अमेरिकनांना फोनवर धमकावून पैसे उकळण्याचा धंदा या सेंटरांत चालत होता. गावाच्या नावाला डाग लागला. आणि त्याच हेडसेटचा खेळातला दुसरा जन्म त्याच इमारतींच्या आसपासच्या वन बीएचके घरांत सुरू झाला.

त्याआधी इथली पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायची ती सायबर कॅफेत. सगळे एकाच खोलीत, शेजारच्या खुर्चीवर. माइकची गरजच काय? ओरडलं की झालं. 2018 मध्ये पबजी मोबाइलवर आला आणि सोबती विरार, कल्याण, इंदूर असे पांगले. मग फोनसोबत मिळालेल्या हँड्सफ्रीचा माइक तोंडाजवळ धरून बोलणं सुरू झालं. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, 2021 च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय म्हणून परतला. सोबती दूर गेले की माइक येतो. एक्स्चेंजही दूरच्या माणसांना बोलता यावं म्हणूनच होतं.

हे कूळ ध्यानात घेतलं की खरेदी सोपी होते. दुकानात रेडगिअर, कॉस्मिक बाइट, बोट यांची खोकी ओळीने लावलेली असतात आणि खोक्यावरची मोठी अक्षरं संगीताची भाषा बोलतात: जोरदार बास, 50 मिलिमीटरचे ड्रायव्हर, 7.1 सराउंड. त्या किमतीत 7.1 म्हणजे दोनच स्पीकरांवर सॉफ्टवेअरची करामत, आणि ड्रायव्हरच्या आकारावरून आवाजाची जात कळत नाही. विचारायचं ते टेलिफोनचं: माझा आवाज सोबत्याला कसा जाईल? दुकानातच हेडसेट फोनला लावून पंख्याखाली, रस्त्याच्या गोंगाटात व्हॉइस रेकॉर्डरवर दोन वाक्यं बोलावीत आणि ती परत ऐकावीत. माइकचा दांडा वळतो का, वळवल्यावर तिथेच राहतो का, हे हाताने बघावं.

मग दुकानदार विचारतो, सिंगल पिन की डबल पिन? डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मागे दोन भोकं असतात, हिरवं ऐकायचं आणि गुलाबी बोलायचं. ते रंग मायक्रोसॉफ्ट-इंटेलच्या पीसी 99 या नियमावलीने रूढ केले. फोनला मात्र, असलंच तर, एकच भोक, म्हणून त्या पिनीवर तीन काळ्या रेघा आणि चार भाग. या चार भागांत माइक कुठे आणि अर्थिंग कुठे यावर दोन पंथ झाले: सीटीआयए आणि ओएमटीपी. जुने नोकिया दुसऱ्या पंथाचे, आजचे बहुतेक सगळे पहिल्या. चुकीची जोडी जमली की गाण्यातला गायक गायब होतो, आवाज विहिरीतून आल्यासारखा पोकळ होतो, आणि वायरीवरचं बटण दाबून धरलं की अचानक सगळं ठीक होतं. पुष्कळ चांगले हेडसेट खराब म्हणून परत जातात त्याचं कारण हे, असं माझं ठाम मत आहे. सिंगल पिनीचा घ्यावा आणि खोक्यात दोन शेपट्यांचा स्प्लिटर आहे ना हे उघडून बघावं. नसेल तर सीटीआयएचा वेगळा मागावा. मीरारोडला मिळाला नाही तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

आणखी एक गोष्ट टेलिफोनकडे होती आणि स्वस्त हेडसेटमध्ये सहसा नसते: साइडटोन. लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात येतो, म्हणून आपण बेतानेच बोलतो. बंद वाट्यांच्या हेडसेटमध्ये आपला आवाज आपल्यालाच नीट ऐकू येत नाही आणि पोरगं रात्री एक वाजता बोंबलायला लागतं. शेजारचे भिंतीवर थापा मारतात, आई उठून बसते. यावर कॉल सेंटरमध्ये काम केलेल्यांची युक्ती लागू पडते: एक वाटी कानामागे सरकवायची. माझ्या ओळखीतल्या दोन घरांत ही युक्ती आयांनीच मुलांना शिकवली.

हल्ली म्हणतात, वायर कशाला, ब्लूटूथ घ्या. आयफोनने सप्टेंबर 2016 मध्येच ते भोक बुजवलं. पण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही उशिरा पोचतो आणि गेममध्ये तेवढ्यात माणूस मरतो. शिवाय माइक चालू करताच रूढ ब्लूटूथ हँड्सफ्रीच्या चालीवर उतरतो, आणि त्या चालीचा सगळ्यात जुना मार्ग वापरला गेला तर आवाज 300 ते 3400 हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात दबतो. तो पट्टा ट्रंक कॉलचा आहे. वायर कापली तरी एक्स्चेंज सुटत नाही. म्हणूनच महागड्या प्लेस्टेशन 5 च्या बिनतारी कंट्रोलरलाही खालच्या बाजूला, दोन मुठींच्या मधोमध, 3.5 मिलिमीटरचं भोक ठेवलेलं आहे.