कथेतील गाठ आणि धाराशिवची लेणी

धाराशिव शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगरात, सात लेण्यांचा एक समूह आहे. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा सभामंडप सुमारे 80 फूट लांब आणि जवळजवळ तितकाच रुंद आहे. ही लेणी साधारणपणे पाचव्या ते सातव्या शतकातील मानली जातात. मुळात ती बौद्ध होती की जैन, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ती कोणी खोदली, याचे एक उत्तर मात्र आपल्याला एका जुन्या कथेत मिळते. हे उत्तर इतिहास म्हणून कितपत स्वीकारायचे?

ही कथा म्हणजे मुनी कनकामर यांचे अकराव्या शतकातील अपभ्रंश काव्य ‘करकंडचरिउ’. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून 1934 मध्ये विदर्भातील कारंजा येथून प्रसिद्ध केले. काव्यातील तेरापूर म्हणजे आजचे तेर आणि तेथील लेणी म्हणजे ही धाराशिवची लेणी, असे त्यांनी दाखवून दिले.

कथा थोडक्यात अशी. चंपानगरीच्या राणीला हत्ती पळवून नेतो. तिचा मुलगा करकंड स्मशानात जन्मतो, मातंगाच्या घरी वाढतो आणि पुढे दंतीपूरचा राजा होतो. नकळत तो आपल्या पित्याशीच युद्धाला उभा राहतो. आई मध्ये पडून ओळख पटवते. नंतर दक्षिणेच्या स्वारीवर असताना त्याचा तळ तेरापूरजवळ पडतो. तेथील लेण्यात पार्श्वनाथांच्या मूर्तीच्या आसनावर त्याला एक गाठ दिसते. खोदताना पाण्याचा झरा लागला होता, तो बंद करण्यासाठी ही गाठ ठेवली आहे, असे एक वृद्ध कारागीर सांगतो. करकंड हट्टाने ती फोडवतो आणि लेणे पाण्याने भरून जाते. तो पश्चात्तापाने व्याकूळ झाल्यावर लेण्याची जन्मकथा त्याला सांगितली जाते: नील आणि महानील या दोन विद्याधर भावांनी ते निर्माण केले.

इथे एक गोष्ट आपल्या लक्षात येईल. घटनांच्या क्रमात लेणे आधी खोदले गेले आणि पाणी नंतर फुटले. कथा सांगताना मात्र पाणी आधी येते आणि लेण्याचा जन्म नंतर. घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम यांतील हा फरक रशियन समीक्षकांनी 1920 च्या दशकात स्पष्टपणे मांडला. ‘शोले’ (1975) या चित्रपटात ठाकूर समोर पडलेली बंदूक का उचलत नाही, हे आपल्याला नंतरच्या पूर्वदृश्यात कळते. तिथेही परिणाम आधी आणि कारण नंतर, अशीच रचना आहे.

कथेच्या रचनेचा विचार आपल्याकडेही जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. मुखात बीज पडते आणि निर्वहणात त्याचे फळ मिळते. (अपभ्रंश काव्यात ‘संधी’ म्हणजे सर्ग, ‘करकंडचरिउ’त असे दहा आहेत. दोन्हींची गल्लत करू नये.) 1928 मध्ये व्लादिमिर प्रॉप यांनी शंभर रशियन परीकथा तपासल्या. पात्रे बदलली तरी त्यांच्या कृती ठरावीक क्रमाने येतात, असे त्यांना दिसले. अशा 31 कृती त्यांनी नोंदवल्या. त्याआधी 1909 मध्ये ऑटो रँक यांनी कर्ण, मोझेस, सायरस यांच्या जन्मकथांतील साम्य दाखवले होते: थोर कुळात जन्म, आईबापांपासून ताटातूट, परक्याच्या घरी वाढ आणि शेवटी मोठे पद.

करकंडाचा जन्म याच साच्यात बसतो. म्हणून त्या भागावरून असा राजा होऊन गेला, असे आपल्याला म्हणता येत नाही. जे देशोदेशी आढळते, ते एका जागेचा पुरावा कसे ठरेल? पितापुत्रांचे युद्ध तर इराणच्या रुस्तुम-सोहराबच्या कथेतही आहे.

पण साचा बाजूला काढल्यावर काही तपशील उरतात: तेरजवळचा डोंगर, मोठे लेणे आणि पाण्याचा झरा. वीराच्या जन्मकथेला त्यांची गरज नव्हती. दख्खनच्या थराथरांच्या खडकात भेगांतून पाणी झिरपते. तेव्हा लेणे खोदताना झरा लागणे ही कारागिरांच्या अनुभवातलीच गोष्ट. कवी लेण्यांनंतर काही शतकांनी लिहीत आहे. त्यामुळे लेणी कोणी खोदली, हे त्याच्याकडून सिद्ध होत नाही. अकराव्या शतकात लोकांना ही लेणी माहीत होती आणि ती कोणी केली असा प्रश्न त्यांना पडत होता, एवढे मात्र दिसते. इतिहासाच्या दृष्टीने हेही थोडे नाही.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. आपल्या गावच्या देवळाची, विहिरीची किंवा गढीची कथा विद्यार्थ्यांना घरून लिहून आणायला सांगावी. मग फळ्यावर दोन रकाने करावेत: ‘इतर गावांच्या कथांतही आढळणारे’ आणि ‘फक्त इथलेच’. दुसऱ्या रकान्यात जे उरेल, ते जागेवर जाऊन तपासावे. आख्यायिका खरी की खोटी, एवढाच वाद घालण्यापेक्षा यातून बरेच अधिक हाती लागेल.