ध्वनीचा बंद लखोटा : ‘पासथ्रू’ योजनेचा उगम
संगणकावरील मीडिया प्लेअरमध्ये ‘पासथ्रू’ नावाचा एक पर्याय असतो. तो निवडला असता प्लेअर सांकेतिक ध्वनी स्वतः न उलगडता बंद लखोट्याप्रमाणे रिसीव्हरकडे धाडतो. या योजनेचा उगम तारेच्या अपुऱ्या क्षमतेत आहे.

सोनी व फिलिप्स यांनी आखलेली एसपीडीआयएफ जोडणी मुळात दोन वाहिन्यांच्या ध्वनीसाठी होती. १९९६ साली जपानात डीव्हीडी अवतरली आणि सहा वाहिन्यांचा ध्वनी घरात येऊ लागला. उलगडलेल्या रूपात त्याला सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट लागत. दोन वाहिन्यांच्या वाटेवर मात्र १५ लाखांचीच सोय होती. तोच ध्वनी डॉल्बी डिजिटलच्या सांकेतिक रूपात ४,४८,००० बिटांत मावे. साहजिकच तो न उलगडता पाठविणे प्राप्त झाले.

२००२ साली एचडीएमआय जोडणीने आठ वाहिन्यांची वाट मोकळी केली. तरीही हा पर्याय टिकला. डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये ध्वनीच्या स्थानाची माहिती लखोट्यातच असते व सामान्य प्लेअरने तो फोडल्यास ती गळून पडते. मात्र बंद लखोट्यातील आवाज प्लेअरला कमीजास्त करता येत नाही. आणि रिसीव्हरला तो संकेत अवगत नसेल, तर श्रोत्याच्या वाट्याला शांतता किंवा निव्वळ खरखर येते.