पौर्वात्य तत्त्वज्ञान व धर्म : कान्हेरीची साक्ष

तत्त्वज्ञान हा बुद्धीचा व धर्म हा श्रद्धेचा विषय, अशी विभागणी आधुनिक पाश्चात्त्य विचारात रूढ झाली. भारतीय परंपरेतील ‘दर्शन’ या संज्ञेत मात्र सत्याची मीमांसा व मुक्तीची साधना ही दोन्ही सामान्यतः अंतर्भूत असतात. चार्वाकमत हा ठळक अपवाद होय. तथापि दोहोंत ताण नव्हता, असे नाही. त्याची बोलकी साक्ष मुंबई उपनगरात, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी (प्राचीन कृष्णगिरी) येथील शंभरांहून अधिक बौद्ध लेण्यांत मिळते. ती सु. पहिल्या ते दहाव्या शतकांदरम्यान वापरात होती.

बौद्ध मतानुसार सर्व वस्तू अनित्य व कारणसापेक्ष आहेत (प्रतीत्यसमुत्पाद) आणि नित्य आत्मा नाही. येथील संघ मात्र दानावर चाले. कल्याण, सोपारा, नासिक येथील दात्यांची नावे कोरीव लेखांत आढळतात. त्यांत व्यापाऱ्यांबरोबर भिक्षू व भिक्षुणीही आहेत. मूळ ठेव कायम राखून तिच्या उत्पन्नातून चीवरादी खर्च भागविण्याच्या व्यवस्थेस ‘अक्षयनीवी’ म्हणत. अनित्यतेचा उपदेश करणाऱ्या संघासाठी अक्षय ठेव, हा विरोध वरवरचा नाही : आत्माच नसेल, तर पुण्य कोणाचे? काही लेखांत दानाचे पुण्य मातापित्यांस व सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठी अर्पिलेले आहे. ‘माझे’पणाचा त्याग हेच येथे दानाचे तात्त्विक मर्म मानता येते.

पूजेतही हेच दिसते. यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील चैत्यगृहात (लेणे क्र. ३) स्तूप हे उपासनेचे केंद्र होते; पुढे त्याच्या ओवरीत सु. ७ मी. उंचीच्या बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. लेणे क्र. ९० मध्ये भक्तांना संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर, तर क्र. ४१ मध्ये त्याचे एकादशमुखी रूप दिसते. येथे सापडलेल्या मातीच्या मुद्रांवर कार्यकारणभावाचा बौद्ध सिद्धांत सांगणारे सूत्र उमटविलेले आहे. तत्त्वविचाराचे वाक्यच अशा प्रकारे पूजावस्तू बनले. यास केवळ ऱ्हास म्हणणे योग्य नव्हे. सामान्य उपासकापर्यंत सिद्धांत पोहोचण्याचा तो एक मार्ग होता. मात्र अर्थ विसरून आकारच उरण्याचा धोकाही त्यातच होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी *द बुद्ध अँड हिज धम्म* (१९५७) या ग्रंथात हाच प्रश्न नव्याने मांडला. धर्म (रिलिजन) वैयक्तिक असतो, तर धम्म मूलतः सामाजिक असून नीती हेच त्याचे सार होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तत्त्वज्ञान व धर्म यांच्या संबंधाची कसोटी त्यामुळे माणसामाणसांतील व्यवहारात शोधावी लागते.