फळीचा बाक

गेल्या जानेवारीत मिशिगनमधल्या आमच्या गावच्या सामायिक कर्मशाळेत मी एक फळी वाया घालवली. अ‍ॅश आणि पॉप्लरच्या पट्ट्या एकाआड एक चिकटवून स्नोबोर्डचा गाभा तयार केला होता. तो संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या राउटरवर ठेवायचा आणि मध्ये ८ व टोकांना २ मिलिमीटर अशी जाडी उतरवून घ्यायची, एवढेच काम उरले होते. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत टोकाशी पोचल्यावर कटर फळीच्या आरपार गेला.

रात्री कोल्हापूरला आबांना फोन केला. स्नोबोर्ड म्हणजे काय हे मी त्यांना दोनदा समजावले आहे आणि त्यांनी ते दोन्ही वेळा सोडून दिले आहे. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, "झिरो कशावर धरला होतास?"

झिरो मी मोकळ्या टेबलावर धरला होता आणि नंतर फळीखाली ६ मिलिमीटरचे प्लायवूड सरकवले होते. म्हणजे यंत्राने काहीच चूक केली नव्हती. आबांनी सीएनसी यंत्र कधी चालवले नाही. ते चाळीस वर्षे फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते: ओतकामाच्या साच्यासाठी सागवानी नमुने करायचे, धातू थंड होताना किती आकसेल ते धरून माप वाढवायचे, नमुना वाळूतून अलगद सुटावा म्हणून बाजूंना ढाळ द्यायचा. त्यांचा प्रश्न नेमका होता. त्या प्रश्नाने मला या फळ्यांच्या इतिहासाकडे नेले, आणि त्या इतिहासाने परत आबांकडे आणून सोडले.

स्की ही मुळात घरी केलेली वस्तू. नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या मोर्गेदाल गावचा सोंद्रे नोरहाइम हा गरीब कुळातला माणूस. १८६८ साली तो ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्पर्धेला उतरला तेव्हा त्याच्या पायांत स्वतः केलेल्या स्की होत्या. त्या मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद होत्या. हा आकार एकट्या त्याचा म्हणता येणार नाही, पण त्याने काय साधते ते शहराला त्याने दाखवले. फळी कडेवर कलली की तिची बाजू बर्फात कमान काढते आणि माणूस आपोआप वळतो. नोरहाइम पुढे १८८४ मध्ये अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटात वारला.

ही कमान किती खोल हे अगदी साधे गणित आहे. बर्फाला टेकणाऱ्या कडेच्या लांबीचा वर्ग करा आणि त्याला कमानीच्या खोलीच्या आठपटीने भागा. वळणाची त्रिज्या मिळते. कडेची लांबी १.८ मीटर आणि खोली ७ मिलिमीटर असेल तर त्रिज्या जवळजवळ ५८ मीटर. लांबी १.६ मीटर आणि खोली २० मिलिमीटर केली की ती १६ मीटरवर येते. फरक बोटभर रुंदीचाही नाही, पण डोंगरावर तो फार मोठा असतो. तरीही खोल कमानीची स्की सर्वत्र पसरायला १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्लोव्हेनियातल्या बेगुन्ये गावच्या एलान कारखान्याने युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच या अभियंत्यांनी आखलेली एससीएक्स बाजारात आणली.

मधल्या काळात फळी गुंतागुंतीची होत गेली. साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनरने १९२६ मध्ये कडांना पोलादी पट्ट्या लावण्याचे पेटंट घेतले. मग आला हॉवर्ड हेड. तो बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन विमान कारखान्यातला अभियंता. १९४७ मध्ये स्की शिकायला गेला, धडपडला आणि खापर लाकडी फळ्यांवर फोडले. विमानाच्या धर्तीवर त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये हलका गाभा घालून सहा जोड्या केल्या. स्कीच्या शिक्षकांनी त्या वाकवून पाहिल्या, उतारावर नेल्या, आणि सहाच्या सहा मोडल्या. हेडने दर वेळी मोडलेली जागा बघून पुढची जोडी केली. चाळीसेक प्रयत्नांनंतर, १९५० च्या सुमारास, प्लायवूडचा गाभा, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि पोलादी कडा हा मेळ बसला. आज घरी फळी करणारा माणूस अ‍ॅल्युमिनियमऐवजी काचतंतू आणि इपॉक्सी वापरतो, पण घडण तीच असते.

स्नोबोर्डची सुरुवात तर घरातच झाली. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेनने मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. त्याच्या बायकोने त्या खेळण्याला स्नर्फर नाव दिले. त्याच खेळण्यावर वाढलेल्या जेक बर्टनने १९७७ मध्ये व्हरमाँटमधल्या लंडनडेरी गावात स्वतःच्या फळ्या करायला घेतल्या. १९९८ मध्ये नागानोला स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये पोचले.

मस्कीगनपासून उत्तरेला, त्याच सरोवराच्या काठाने गेले की ट्रॅव्हर्स सिटी लागते. इथे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पंखांची पाती बनवत असे. पात्याच्या छेदाची वक्ररेषा अचूक कापायची कशी, हा त्याचा प्रश्न. त्याने आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रावर त्या रेषेवरचे दोनशे बिंदू मोजून काढले. मग एक कामगार मोठ्याने आकडे वाचे, दुसरा मिलिंग यंत्राचा एक दांडा फिरवी, तिसरा दुसरा. बिंदूंच्या मध्ये उरलेले कंगोरे कानशीने घासून काढायचे. हे आकडे थेट यंत्रालाच दिले तर? हवाई दलाने पैसे दिले, एमआयटीच्या प्रयोगशाळेने काम हाती घेतले आणि १९५२ मध्ये कागदी फितीवरच्या भोकांनी चालणारे मिलिंग यंत्र जगाला दाखवले. सीएनसीचा जन्म हा.

याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये दुसरी एक वाट चाचपली जात होती. कुशल कारागिराने पहिला जॉब हाताने कापायचा, त्याच्या हालचाली फितीवर मुद्रित करायच्या आणि पुढचे जॉब यंत्राने त्या फितीवरून कापायचे. तिथे नोकरीला असलेल्या कर्ट व्हॉनेगटने १९५२ च्या 'प्लेअर पियानो' या कादंबरीत असाच एक लेथवाला रंगवला आहे. ही वाट मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ मध्ये लिहिले की ती केवळ तांत्रिक कारणांनी मागे पडली नाही. आकड्यांची फीत ऑफिसात तयार होते, त्यामुळे कामाची सूत्रे कारागिराच्या हातून व्यवस्थापनाकडे जातात, आणि ते हवेच होते. नोबलचे सगळेच मला पटत नाही. विमानाचे काही आकार हाताने एकदाही कापता आले नसते. पण त्याचे पुस्तक वाचताना मी मध्येच थांबलो, कारण फीत भरण्याचे काम मी केलेले आहे.

२००४ मध्ये मी आबांच्याच फाउंड्रीत नवा इंजिनिअर म्हणून लागलो. कंपनीने माझ्याकडे जुने पॅटर्न मोजून संगणकात भरायचे काम दिले. त्यातले निम्मे आबांचे. नकाशात एक माप आणि पॅटर्नवर दुसरे असे बऱ्याच ठिकाणी आढळे. मी विचारायचो, ते सांगायचे: इथे वाळू तुटते म्हणून ढाळ जास्त दिला, इथे जाड भाग आहे म्हणून आकुंचन वेगळे धरले. मी ते सगळे फाइलमध्ये उतरवले. दोन वर्षांत नवे पॅटर्न पुण्याहून सीएनसीवर कापून येऊ लागले. आबांकडे उरले कटरच्या बारीक रेघा पॉलिश पेपरने घासून काढणे, म्हणजे पार्सन्सकडचे कानशीचे काम. मुदतीच्या तीन वर्षे आधी ते निवृत्त झाले. मी पुढे अमेरिकेला आलो.

ज्या यंत्राने हे केले तेच आता कर्मशाळेच्या कोपऱ्यात कुणालाही वापरता येते, हा इतिहासाचा पुढचा भाग. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने १९९० च्या दशकात यंत्रनियंत्रणाचा एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला राहिला. आजचा लिनक्स-सीएनसी त्यातूनच आला. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्याच प्रोग्रॅमरने पुस्तकाहून लहान, स्वस्त आर्डुइनो पाटीवर चालणारा जीआरबीएल लिहिला. लष्कराच्या पैशाने वाढलेले तंत्र असे घरगुती झाले.

तरी राउटर फळीचे सगळे काम करत नाही. तो तळाचे प्लास्टिक, गाभा आणि साच्याच्या बरगड्या कापतो. पोलादी कडा टोकाच्या गोलाईवर हातानेच वाकवाव्या लागतात. मग तळ, कडा, काचतंतू, गाभा, पुन्हा काचतंतू असे इपॉक्सीने भिजवलेले थर प्रेसमध्ये जातात. घरगुती प्रेस म्हणजे भक्कम चौकटीत बसवलेले अग्निशमन दलाचे पाइप. त्यांत हवा भरायची. चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब म्हटला तरी माझ्या फळीवर एकूण दहा टन भार येतो. चौकट कमकुवत असेल तर माणूस जायबंदी होईल, म्हणून हवा भरताना आम्ही सगळे भिंतीआड उभे राहतो.

दुसरा गाभा नीट कापला गेला. फेब्रुवारीत फळी प्रेसमधून निघाली. मी ती उभी धरून व्हिडिओ कॉलवर आबांना दाखवली. बाजूची कमान २२.५ मिलिमीटर, त्रिज्या ८ मीटर, असे सांगू लागलो. ते म्हणाले, "आडवी धर. डोळ्यासमोर." मी फोन फळीच्या कडेच्या रेषेत धरला. क्षणभर बघून म्हणाले, "उजवीकडं पोट आलंय."

पट्टी लावून पाहिली. उजवी कड मधोमध मिलिमीटरभर बाहेर होती. पोलाद चिकटवताना मीच ती नीट दाबली नव्हती.

तेव्हाच मी त्यांना २००४ बद्दल विचारले. इतक्या वर्षांत विचारले नव्हते. मी पॅटर्न मोजत होतो तेव्हा त्याचे पुढे काय होणार हे त्यांना कळत होते का?

"कळत हुतं की," आबा म्हणाले. "तू नसतं मोजलं तर दुसऱ्या कुणी मोजलं असतं. त्यानं इचारलं नसतं."

मग त्यांनी पोट कसे काढायचे ते सांगितले: कड सोडवू नकोस, लांब कानस घे, एका दमात सबंध लांबी ओढ, मध्येच थांबू नकोस. मी तसे केले. मार्चच्या पहिल्या रविवारी फळी टेकडीवर नेली. डावे वळण छान येते. उजवे अजून थोडे ओढते.