शेरीफ, नांगराचे बैल आणि जमिनीचा लिलाव

आज आपण शेरीफविषयी बोलणार आहोत. हा शब्द ऐकला की आपल्यासमोर दोनच चित्रं येतात. एक, हॉलीवूडच्या सिनेमातला, छातीवर चांदणी लावलेला घोडेस्वार. दुसरं, मुंबईचे नगरपाल, म्हणजे समारंभात पाहुण्यांचं स्वागत करणारे मानाचे गृहस्थ. पण या मानाच्या पदामागे एक जुनं, रोखठोक काम आहे. मुंबई हायकोर्टाने एखादं जहाज कर्जापोटी विकायला सांगितलं, तर तो लिलाव आजही शेरीफच्या मार्फत होतो. देणेकऱ्याची वस्तू विकून धनकोचे पैसे उभे करणं, हे शेरीफचं शतकानुशतकांचं काम. आपला आजचा प्रश्न एवढाच, की त्या 'वस्तू'त जमीन येते का?

इंग्लंडमध्ये याचं उत्तर फार काळ 'नाही' असंच होतं. शेरीफ म्हणजे मुळात 'शायर-रीव्ह', परगण्यातला राजाचा कारभारी. कोर्टाचा निकाल झाला की त्याच्या हाती हुकूमनामा येई, आणि तो देणेकऱ्याचं सामानसुमान, धान्य, गुरं विकून पैसे वसूल करी. जमिनीला मात्र तसा हात लावता येत नसे. १२८५ च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्याने धनकोला एक नवा पर्याय दिला. देणेकऱ्याचा माल आणि त्याची निम्मी जमीन धनकोने ताब्यात घ्यायची, जमिनीचं उत्पन्न खायचं आणि कर्ज फिटलं की ती परत करायची. म्हणजे ताबा मिळाला, मालकी नाही. आणि त्या मालातून नांगराचे बैल वगळलेले होते! साडेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या कायदेपंडितांना एवढं नक्की कळत होतं, की बैल नेले तर पुढच्या वर्षी वसूल करायला काहीच उरणार नाही.

यात गरिबांचा कळवळा होता असं मात्र समजू नका. जमीन म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा, पार्लमेंटमधलं वजन. ती बाजारात येऊ नये हे जमीनदारांच्या सोयीचं होतं, आणि कायदा करणारे बहुतेक तेच होते.

पण समुद्रापलीकडे हीच मंडळी वेगळा न्याय लावायला तयार झाली. अमेरिकेतल्या वसाहतींना लंडन-ब्रिस्टलचे व्यापारी उधारीवर माल पाठवत. तंबाखूचा मळेवाला कर्जात बुडाला की व्यापाऱ्याची अडचण होई, कारण मळेवाल्याची सगळी संपत्ती जमिनीत आणि गुलामांत अडकलेली. व्यापाऱ्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली आणि १७३२ साली कायदा झाला. वसाहतींमधली घरं, जमिनी आणि गुलाम हे सगळं साध्या कर्जापोटीही जंगम मालासारखं जप्त करून विकता येईल, असा त्याचा आशय. ज्या पार्लमेंटने स्वतःच्या देशात जमीन राखली, त्याच पार्लमेंटने वसाहतीतली जमीन शेरीफच्या हातोड्याखाली आणली.

त्या यादीतला 'गुलाम' हा शब्द घाईने ओलांडू नये. जमीन जागच्या जागी राहते. माणूस उचलून नेता येतो. मालकाच्या कर्जापायी आई एका बोलीवर आणि मूल दुसऱ्या बोलीवर जाणं या कायद्याखाली बेकायदेशीर नव्हतं. कायद्यातला गुलामांविषयीचा भाग पार्लमेंटने १७९७ साली काढला. तोवर तेरा वसाहती स्वतंत्र होऊन गेल्या होत्या, त्यामुळे तिथल्या गुलामांना त्याचा उपयोग शून्य.

सगळ्याच वसाहती लंडनची वाट पाहत बसल्या नव्हत्या. पेनसिल्व्हेनियाने १७०५ मध्येच स्वतःचा कायदा केला होता, आणि तो आम्हाला जास्त विचारी वाटतो. तिथे शेरीफ थेट लिलाव पुकारू शकत नसे. आधी बारा जणांची पंचायत बसवायची. प्रश्न एकच: या जमिनीच्या सात वर्षांच्या उत्पन्नातून कर्ज फिटेल का? फिटत असेल, तर धनकोने तोवर उत्पन्न घ्यायचं. फिटत नसेल, तर दुसरा हुकूमनामा निघे आणि मग जाहीर लिलाव. लिलावानंतर शेरीफ खरेदीखत करून देई, पण कसलीही हमी नाही! देणेकऱ्याचा जो काय हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळे. आणि मुळात कोर्टाचा निकालच नसेल, तर शेरीफची विक्रीही पोकळ. त्याचा अधिकार त्या कागदापुरताच.

हा अधिकार कुठे अडतो, हेही याच राज्याने दाखवलं. स्वातंत्र्ययुद्धानंतर, १७८० च्या दशकात, नाण्यांची भयंकर टंचाई होती. कर आणि कर्ज दोन्ही डोक्यावर. तेव्हा काही गावांतल्या शेतकऱ्यांनी ठरवलं, की शेजाऱ्याच्या मालावर बोलीच लावायची नाही. शेरीफ पुकारतोय आणि लोक गप्प उभे! हुकूमनामा कितीही पक्का असला तरी घेणारा हवाच ना.

आता आपल्याकडे येऊ. १८५९ च्या दिवाणी कायद्याखाली दख्खनमध्ये सावकाराने डिक्री मिळवली, की कोर्टाचा अंमलदार कुणब्याची जमीन लिलावात काढू शकत होता. इथे शेरीफ नव्हता, पण यंत्र तेच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी उठाव झाला. लोकांना हवी होती ती खतं आणि कर्जरोखे. हाती आले ते त्यांनी जाळले, कारण डिक्रीची मुळं त्या कागदांतच होती.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आणला. त्याचं २२ वं कलम सांगतं, की शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली नसेल, तर डिक्रीपोटी जप्त करता येणार नाही, विकताही येणार नाही. इंग्लंडच्या जमीनदाराला सहाशे वर्षं जे मिळत होतं, त्यातलं थोडं सुप्याच्या कुणब्याला मिळालं. पण 'खास गहाण' हे पाच अक्षरांचं दार उघडंच राहिलं. सावकार साध्या रोख्याऐवजी गहाणखत मागू लागले, आणि पुढे तर गहाणखतही नको, सरळ खरेदीखतच लिहून दे, पैसे फेडलेस की जमीन तुझी, असं तोंडी सांगू लागले.